उगवत्या सत्ता आणि उदारमतवादी जागतिक व्यवस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरक्षा परिषद, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), ब्रिक्स आणि डॉलर या विषयांवर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पाठवणाऱ्यांत स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी जास्त आहेत. त्यांच्याशिवाय निर्यातदार आहेत, बँकांत काम करणारे आहेत आणि रोजचा पेपर नीट वाचणारेही आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलं आहे. तीच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘उदारमतवादी आंतरराष्ट्रीय व्यवस्था’ म्हणजे नेमकं काय? लोकशाही देशांचा गट का?

नाही. सोव्हिएत संघ संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक होता आणि तिथे लोकशाही नव्हती. ‘उदार’ हा शब्द इथे देशांमधल्या व्यवहाराला लागतो: सीमा बळाने बदलायच्या नाहीत, व्यापारात एका देशाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची आणि तंटा झाला तर तो लेखी नियमांनी सोडवायचा. हे पेलण्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्सला ४४ देश जमले आणि नाणेनिधी व जागतिक बँक ठरली. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. १९४७ मध्ये २३ देशांनी गॅट हा आयातशुल्क आणि व्यापाराचा करार केला आणि त्यातूनच १९९५ मध्ये डब्ल्यूटीओ आली.

हा सगळा डोलारा पहिल्या दिवसापासून जगभर चालत होता असा समज मात्र चुकीचा आहे. शीतयुद्धात अर्धं जग त्याच्या आर्थिक भागाबाहेर होतं. चीन डब्ल्यूटीओत आला ११ डिसेंबर २००१ रोजी, आणि रशिया तर २०१२ मध्ये.

२. हे नियम गोऱ्या देशांनी केले, भारत तेव्हा कुठे होता?

टेबलावर होता, फक्त स्वतंत्र नव्हता. ब्रेटन वूड्सला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख ब्रिटिश अधिकारी जेरेमी रेझमन होते. त्यांच्यासोबत षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख होते. युद्धकाळात ब्रिटनने भारताकडून घेतलेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये पौंडांत साचले होते. ती रक्कम इतर चलनांत वापरता यावी, हा या मंडळींचा मुख्य आग्रह होता. तो मान्य झाला नाही.

कोटा, म्हणजे नाणेनिधीतला देशाचा भांडवली वाटा, मात्र चांगला मिळाला. सुरुवातीच्या ८.८ अब्ज डॉलरपैकी भारताचे ४० कोटी डॉलर होते, म्हणजे साधारण ४.५ टक्के. क्रम सहावा होता. सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला आणि संचालक मंडळावर स्वतःच्या हक्काची खुर्ची मिळाली. आज भारताचा वाटा २.७५ टक्के आहे. सदस्य ४४ वरून १९० च्या पुढे गेले, त्यामुळे ही तुलना सरळ नाही हे खरं. तरीही दिल्लीची चिडचिड कुठून येते ते या दोन आकड्यांवरून कळतं.

३. ब्रिक्स, जी-७७ आणि ‘ग्लोबल साऊथ’ एकच का?

तिन्ही वेगळे. जी-७७ हा विकसनशील देशांचा संयुक्त राष्ट्रांतला गट आहे आणि नावात ७७ असले तरी सदस्य १३० च्या वर आहेत. ‘ग्लोबल साऊथ’ ही बोलण्यातली संज्ञा आहे, तिची सदस्ययादी नाही. ‘ब्रिक’ (ब्राझील, रशिया, भारत, चीन) हे नाव २००१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या एका गुंतवणूक अहवालातून आलं. ते राजकीय गटाचं नाव झालं २००९ मध्ये, येकातेरिनबर्गच्या पहिल्या शिखर परिषदेपासून. दक्षिण आफ्रिका नंतर आली. जानेवारी २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती आले, जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया. अर्जेंटिनाने आमंत्रण नाकारलं. सौदी अरेबियाला आमंत्रण २०२३ मध्येच गेलं होतं, पण त्या देशाचं सदस्यत्व बराच काळ संदिग्धच राहिलं.

ब्रिक्सला सनद नाही, कायम सचिवालय नाही, संरक्षणाचा करार नाही. नाटोशी तुलना करणारे प्रश्न बरेच येतात, पण ती तुलना टिकत नाही.

४. नाणेनिधीत कोणाचं मत किती, हे कसं ठरतं?

आपल्याकडच्या सहकारी सोसायटीत शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. नाणेनिधीत कंपनीसारखं चालतं, म्हणजे ज्याचं भांडवल जास्त त्याची मतं जास्त. हिशोब असा:

एकूण मतांपैकी सुमारे ५.५ टक्के मतं सगळ्या देशांत समान वाटलेली असतात. त्यावर कोट्यातल्या दर एक लाख एसडीआरमागे एक मत. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या ठरलेल्या मिश्रणावरून त्याची किंमत काढतात.

कोटा किती असावा हे सांगणारं सूत्रही आहे: जीडीपीला ५० टक्के भार, अर्थव्यवस्थेच्या खुलेपणाला ३०, व्यापार आणि भांडवलाच्या चढउतारांना १५, परकीय गंगाजळीला ५. जीडीपीतही ६० टक्के बाजारभावाचा आणि ४० टक्के क्रयशक्तीच्या तुलनेचा (त्या देशात पैशाला किती माल येतो हे बघून काढलेला) धरतात. भांडण नेमकं इथेच आहे. जगाच्या जीडीपीत भारताचा हिस्सा क्रयशक्तीने मोजला तर सुमारे ८ टक्के भरतो आणि बाजारभावाने ४ टक्क्यांच्याही आत. युरोपातले छोटे देश आपसात प्रचंड व्यापार करतात, म्हणून ‘खुलेपणा’च्या ३० टक्क्यांत ते पुढे निघून जातात.

मुख्य गोष्ट अशी की कोटा बदलायला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के आहेत. ‘अमेरिकेला नाणेनिधीत नकाराधिकार आहे’ हे वाक्य करारात कुठेही सापडणार नाही. ते या वजाबाकीत आहे.

५. मग कोटा वाढल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या का?

खोट्या नाहीत, अपुऱ्या असतात. कोटा वाढणं वेगळं आणि वाटा वाढणं वेगळं. तुमचे १० चे १५ झाले आणि माझे १०० चे १५० झाले, तर दोघांचेही पैसे वाढले, पण सभेतलं वजन होतं तिथेच राहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये संपलेल्या सोळाव्या आढाव्यात हेच झालं: सगळ्यांचा कोटा ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, प्रमाण जसंच्या तसं.

वाटा खरोखर हलला तो २०१० च्या सुधारणांत. चीन सुमारे ६.४ टक्क्यांसह तिसरा झाला, भारत आठवा. पण ठराव डिसेंबर २०१० चा आणि अंमल २६ जानेवारी २०१६ चा. अमेरिकी काँग्रेसने मंजुरी डिसेंबर २०१५ मध्ये दिली, तोवर घोडं तिथेच पेंड खात होतं. त्या पाच वर्षांत ब्रिक्सने स्वतःची बँक आणि राखीव निधी उभा केला (प्रश्न १२ आणि १३). मागचा क्रम असा लावला की ‘चीनला पर्यायी व्यवस्था कशाला हवी’ हा प्रश्न बराच सुटतो.

६. जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा तर आपल्या खडकीत जन्मलेले. म्हणजे भारताचं वजन वाढलं ना?

जन्म पुण्याचा, नागरिकत्व अमेरिकेचं, आणि नाव सुचवलं अमेरिकेच्या अध्यक्षांनी. १९४६ पासूनचा अलिखित रिवाज असा की बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा आणि नाणेनिधीचा प्रमुख युरोपातला. २०२३ मध्ये बंगांची निवड झाली तीही त्याच रिवाजाप्रमाणे.

७. सुरक्षा परिषदेत भारत कायम सदस्य व्हायचा तर नेमक्या पायऱ्या कोणत्या?

‘अमुक देशाने पाठिंबा दिला’ ही बातमी वर्षातून चार वेळा येते, म्हणून हे जरा सविस्तर.

कायम सदस्यांची नावं सनदेच्या कलम २३ मध्ये लिहिलेली आहेत. (तिथे आजही ‘चीनचं प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत संघ’ असंच छापलेलं आहे. २५ ऑक्टोबर १९७१ च्या ठरावाने बीजिंगला जागा मिळाली आणि १९९१ मध्ये रशिया बसला, पण मजकुराला कोणी हात लावला नाही.) नवं नाव घालायचं म्हणजे कलम १०८ खाली सनदेत दुरुस्ती करायची. आधी आमसभेत दोन तृतीयांश सदस्य हवेत, म्हणजे १९३ पैकी १२९. मग तितक्याच देशांनी आपापल्या घटनेप्रमाणे ती दुरुस्ती संमत करायची, आणि त्यांत पाचही कायम सदस्य असलेच पाहिजेत. अमेरिकेत याचा अर्थ सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं. आमसभेत कुणालाच नकाराधिकार नाही. तो दुसऱ्या टप्प्यावर लागतो, आणि तिथे मुदतही नाही, कागद दाबून ठेवला की झालं.

परिषद एकदाच वाढली आहे, ११ वरून १५. तिची गंमत अशी की १९६३ च्या मतदानात (९७ विरुद्ध ११, तटस्थ ४) पाच कायम सदस्यांपैकी फक्त चीनने, म्हणजे तेव्हाच्या तैपेईच्या सरकारने, बाजूने मत दिलं. फ्रान्स आणि सोव्हिएत संघ विरोधात गेले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. तरी ऑगस्ट १९६५ पर्यंत पाचही जणांनी संमती दिली, कारण नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिका-आशियाई देशांची एकजूट मोडणं कुणालाच परवडत नव्हतं. आज अडतं ते तिथेच, कारण तशी एकजूट राहिलेली नाही. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील एकत्र आहेत. त्यांच्या विरोधात इटली, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, मेक्सिको आणि अर्जेंटिना वगैरेंचा गट आहे. थोडक्यात, प्रत्येक इच्छुकाच्या शेजाऱ्याला तो नको आहे.

बातम्या वाचताना शब्द तपासा. ब्रिक्सच्या २०२५ च्या रिओ जाहीरनाम्यात चीन आणि रशियाने भारत व ब्राझील यांनी संयुक्त राष्ट्रांत, सुरक्षा परिषदेसह, ‘अधिक मोठी भूमिका’ बजावण्याला पाठिंबा दिला आहे. ‘कायम सदस्यत्व’ हा शब्द त्यात नाही.

८. नकाराधिकार नसला तरी चालेल असं म्हटलं तर काम होईल का?

२००५ मध्ये हा मार्ग चाचपून झाला. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील या चार देशांच्या मसुद्यात परिषद २५ ची करायची होती. त्यात सहा नवे कायम सदस्य होते, आणि त्यांनी १५ वर्षांनी आढावा होईपर्यंत नकाराधिकार वापरायचा नव्हता. आफ्रिकी संघाने त्याच वर्षी एझुल्विनी भूमिका ठरवली: आफ्रिकेला दोन कायम जागा, त्याही नकाराधिकारासह. दोन मसुदे एक झाले नाहीत आणि मतदानच झालं नाही. ही तेढ अजून मिटलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये रिओत ब्रिक्सच्या परराष्ट्रमंत्र्यांचं संयुक्त निवेदन निघालं नाही, कारण कायम जागांसाठी दक्षिण आफ्रिकेचं नाव पुढे करणारी भाषा इजिप्त आणि इथिओपियाला मान्य नव्हती.

९. कायम सदस्य तटस्थ राहिला तर ठराव पडतो का?

सनदेची भाषा वाचली तर पडायला हवा, कारण कलम २७ कायम सदस्यांची ‘सहमतीची मतं’ मागतं. व्यवहारात तटस्थ राहणं नकार धरत नाहीत. मार्च २०११ मध्ये लिबियावरचा ठराव १९७३ दहा विरुद्ध शून्य असा संमत झाला. तटस्थ पाच होते: ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि जर्मनी. नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेली परवानगी पुढे गद्दाफींची सत्ता उलथवण्यापर्यंत ताणली गेली, असं या चार ब्रिक देशांचं ठाम मत बनलं. सीरियाच्या वेळी रशिया-चीनचे नकार एकामागून एक आले त्यामागे इतर हितसंबंध होतेच, पण लिबियाचा दाखला प्रत्येक वेळी दिला गेला.

एक अपवाद विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो: शांततेने तंटा सोडवण्याच्या सहाव्या प्रकरणाखालच्या ठरावात वादाचा पक्षकार असलेल्या सदस्याने मत द्यायचं नसतं. हे बंधन सक्तीच्या कारवाईच्या सातव्या प्रकरणाला लागू नाही, आणि सहाव्यातही ते पाळण्याचा आग्रह क्वचितच धरला जातो.

१०. डब्ल्यूटीओचं ‘अपील मंडळ बंद पडलं’ म्हणजे काय? तक्रार करता येत नाही का?

तक्रार करता येते, निकालही लागतो. निकालाच्या पुढचं दार मात्र बंद आहे.

आधी दोन देश सल्लामसलत करतात. ६० दिवसांत जमलं नाही तर तिघा पंचांचं पॅनेल बसतं. हरलेला देश सात जणांच्या अपील मंडळाकडे जाऊ शकतो, आणि अपील चालू असेपर्यंत पॅनेलचा अहवाल स्वीकारला जात नाही. मंडळावरची नेमणूक सर्वसहमतीने होते, म्हणजे एका देशानेही अडवली तर होत नाही. मंडळ आपल्या अधिकाराबाहेर जाऊन नियम बनवतं अशी अमेरिकेची तक्रार होती. ओबामांच्या काळात एका सदस्याची फेरनेमणूक रोखली गेली, ट्रम्प यांच्या काळात सगळ्याच, आणि बायडेन यांनी तेच चालू ठेवलं. अपील ऐकायला किमान तीन सदस्य लागतात. ११ डिसेंबर २०१९ पासून तेवढे उरले नाहीत आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शेवटचा सदस्यही गेला.

तेव्हापासून हरलेला देश अपील दाखल करतो आणि प्रकरण अधांतरी लटकतं. युरोपीय संघ, चीन, ब्राझील वगैरेंनी २०२० मध्ये आपापसांत हंगामी लवाद व्यवस्था केली. भारत आणि अमेरिका तिच्यात नाहीत.

म्हणून ‘नियम उगवत्या सत्ता मोडतात’ हे सरधोपट वाक्य इथे उलटं पडतं. डब्ल्यूटीओचा सगळ्यांत मजबूत भाग ज्यांनी बांधला, त्यांनीच तो बंद केला आणि त्याचा फायदा मग इतरांनीही घेतला. त्या इतरांत आपणही आलो. पुढचा प्रश्न त्याचाच.

११. उसाच्या एफआरपीचा डब्ल्यूटीओशी काय संबंध?

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निकाल आला: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर होता, आणि साखर निर्यातीचं अनुदानही नियमबाह्य होतं.

भारताचा युक्तिवाद कोल्हापूर-सांगलीच्या कुणालाही पटेल असा होता: एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, सरकार देत नाही, कारखाना देतो, मग हे सरकारी अनुदान कसं? पॅनेलने तो मानला नाही. शेती कराराच्या हिशोबात तिजोरीतून किती रुपये गेले हे बघतच नाहीत. सरकारने ठरवलेल्या किमतीतून संदर्भ किंमत वजा करायची आणि फरकाला उत्पादनाने गुणायचं. संदर्भ किंमत १९८६ ते १९८८ ची, गोठवलेली. तीस वर्षांची महागाई त्या फरकात आपोआप ‘अनुदान’ म्हणून शिरते. भात-गव्हाच्या हमीभावावरही भारताचं हेच भांडण आहे आणि ते रास्त आहे.

निकाल लागल्यावर काही आठवड्यांतच भारताने अपील केलं, ज्या मंडळात कुणी बसलेलं नाही त्याच्याकडे. त्यामुळे निकाल लागूनही एफआरपीवर डब्ल्यूटीओचं बंधन आलं नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचंच झालं. पण उद्या आपण जिंकलेलं प्रकरण दुसऱ्याने असंच टांगून ठेवलं तर तक्रार करायला तोंड राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा अनेकांनी ‘डब्ल्यूटीओत का जात नाही’ असं विचारलं. जाता आलं असतं. पोलाद-अ‍ॅल्युमिनियमच्या शुल्काविरुद्ध चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान डिसेंबर २०२२ मध्ये जिंकले. अमेरिकेने पुढच्या महिन्यात अपील केलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. त्याच शुल्काला भारताने जून २०१९ मध्ये बदाम, अक्रोड आणि सफरचंदांसह २८ अमेरिकी वस्तूंवर शुल्क वाढवून उत्तर दिलं होतं. ते २०२३ मध्ये दोन देशांच्या वाटाघाटीतून मिटलं, निवाड्यातून नाही.

१२. ब्रिक्सची बँक जागतिक बँकेला पर्याय आहे का?

मुंबईत राहत असाल तर ही बँक तुमच्या रोजच्या प्रवासात आहे. ब्रिक्सची बँक म्हणजे शांघायची न्यू डेव्हलपमेंट बँक. तिने २०१८ मध्ये मुंबई मेट्रोसाठी २६ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचे ५० कोटी डॉलर पनवेल-कर्जत आणि विरार-डहाणू मार्गांच्या एमयूटीपी-३ या उपनगरी रेल्वे प्रकल्पासाठी. भुयारी मेट्रो-३ मात्र जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या पैशावर. एकाच शहरात तीन खिडक्या, आणि राज्य सरकार प्रत्येकीचा व्याजदर बघून दार ठोठावतं. पर्याय म्हणून या बँकांचा खरा उपयोग एवढाच आहे आणि तो लहान नाही.

दोन्ही बँकांत फरक करा. न्यू डेव्हलपमेंट बँकेत पाच संस्थापकांचे वाटे समान: प्रत्येकी १० अब्ज डॉलर, त्यांतले २ अब्ज रोख आणि ८ अब्ज गरज पडली तर द्यायचे. नकाराधिकार कुणालाच नाही. पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. बीजिंगच्या बँकेत चीनकडे सुमारे २६ टक्के मतं आहेत आणि मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात. ही वजाबाकी प्रश्न ४ मध्ये येऊन गेली आहे, फक्त देशाचं नाव बदललं.

आता मर्यादा. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ मध्ये न्यू डेव्हलपमेंट बँकेने रशियातले नवे व्यवहार थांबवले. रशिया तिचा संस्थापक, तरीही. कारण बँक पैसे उभे करते रोखे विकून, त्यांतला मोठा हिस्सा डॉलरमध्ये, आणि त्या रोख्यांचं मानांकन अमेरिकी संस्था करतात. मानांकन घसरलं की कर्ज महागतं, आणि मग मुंबईच्या मेट्रोलाही स्वस्तात देता येत नाही.

१३. ब्रिक्सचा १०० अब्ज डॉलरचा राखीव निधी आहे म्हणतात. १९९१ सारखं संकट आलं तर भारताला किती मिळेल?

५.४ अब्ज डॉलर. ते कसे, ते बघू.

वचनं अशी: चीन ४१ अब्ज, भारत, रशिया, ब्राझील प्रत्येकी १८, दक्षिण आफ्रिका ५. हे पैसे एका पेटीत जमा नाहीत, प्रत्येकाच्या स्वतःच्या गंगाजळीतच आहेत. कर्जाची कमाल मर्यादा म्हणजे वचन गुणिले गुणक: चीनला अर्धा, दक्षिण आफ्रिकेला दोन, बाकीच्यांना एक. भारताची मर्यादा म्हणून १८ अब्ज. पण यातले फक्त ३० टक्के थेट मिळतात. उरलेले ७० टक्के हवे असतील तर नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असायला हवा, म्हणजे ज्या दारात जायचं नाही म्हणून हा निधी केला, त्याच दारातून परत यायचं. ही अट चुकून राहिलेली नाही. दुसऱ्या देशाला कडू अटी घालण्याचा वाईटपणा ब्रिक्समध्ये कुणालाच नको होता, म्हणून तो नाणेनिधीवर ढकलला.

भारताची गंगाजळी ६०० अब्ज डॉलरच्या वर असताना ५.४ अब्ज किती पुरतील ते तुम्हीच बघा.

१४. ब्रिक्सचं चलन येणार का? निदान रुपयात व्यापार करून डॉलर टाळता येईल का?

समाईक चलन येण्याच्या मार्गावर नाही. त्यासाठी व्याजदर ठरवणारी एक बँक हवी, आणि दिल्ली तो अधिकार बीजिंगच्या जवळपासही जाऊ देणार नाही. डॉलर हटवणं हे आपलं धोरण नाही, असं परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

रुपयातला व्यापार मात्र सुरू आहे. ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने वाट करून दिली: परदेशी बँक भारतीय बँकेत विशेष रुपी वोस्ट्रो खातं उघडते, आपला आयातदार मालाचे रुपये त्यात भरतो आणि आपल्या निर्यातदाराला त्याच खात्यातून पैसे मिळतात. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून डॉलर फिरवायची गरज पडत नाही.

बिघडतं कुठे ते मे २०२३ मध्ये गोव्यात दिसलं. शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीसाठी बाणावलीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह पत्रकारांना म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. भारत रशियाकडून वर्षाला ६० अब्ज डॉलरच्या घरात माल घेतो, त्यात बहुतेक तेल, आणि विकतो ४-५ अब्जांचा. खात्यात एका बाजूने ओतलं जातं आणि दुसऱ्या बाजूने थेंबथेंब निघतं. तेल आखाती दिरहमसारख्या चलनांत घेण्याची वाट निघाली ती त्यामुळेच. साचलेले रुपये सरकारी रोख्यांत गुंतवायची मुभा आहे, पण रशियाला रोखे नको होते, यंत्रं आणि सुटे भाग हवे होते.

निर्यातदारांसाठी एक सूचना: वोस्ट्रो खात्यातून पैसे घेणार असाल तर करारातच बीजकाचं चलन रुपया लिहून घ्या आणि खात्यात शिल्लक आहे की नाही हे माल पाठवण्याआधी बँकेला विचारा.

हे सगळं असूनही देश डॉलरच्या पर्यायाचा विचार करतात, त्याला कारण २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी गोठवलेले रशियन मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर.

१५. दक्षिण चिनी समुद्राचा निवाडा चीनने धुडकावला. भारत असे निवाडे पाळतो का?

१२ जुलै २०१६ रोजी हेगच्या लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला. चीनने नकाशावर काढलेल्या ‘नऊ रेघां’च्या आतल्या सागरी संपत्तीवर तो सांगत असलेल्या ऐतिहासिक हक्कांना सागरी कायद्यात आधार नाही, असं लवाद म्हणाला. चीन सुनावणीला गेला नाही आणि निकालही मानला नाही. चीनला हा कायदा पाळायला सांगणाऱ्या अमेरिकेने त्यावर स्वतः शिक्कामोर्तब केलेलं नाही, ही बाब बीजिंगला फार आवडते.

भारताने ७ जुलै २०१४ चा बांगलादेशबरोबरचा निवाडा मानला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले. हे उदाहरण आपण अभिमानाने देतो, आणि द्यावं. त्याच्या शेजारी हेही ठेवायला हवं: सिंधू पाणीवाटपावर पाकिस्तानच्या मागणीवरून २०२२ मध्ये नेमलेला लवाद भारताने कधी मान्यच केला नाही आणि जून २०२५ चा त्याचा निर्णय फेटाळला. एकाच देशाच्या दोन वागणुकी आहेत. पहिल्यात शेजारी मित्र होता, दुसऱ्यात नव्हता.

१६. शेवटी भारत या व्यवस्थेच्या बाजूने की विरोधात? युक्रेनवर तटस्थ का?

२ मार्च २०२२ च्या आमसभेतल्या ठरावाला १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत, चीन, दक्षिण आफ्रिका तटस्थ होते, ब्राझील बाजूने. म्हणजे ‘ब्रिक्सची भूमिका’ अशी एक भूमिका तेव्हाही नव्हती. तीन वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०२५ रोजी, युक्रेनच्या ठरावाविरुद्ध अमेरिकेने रशियाच्या बरोबरीने मत दिलं आणि चीन तटस्थ राहिला. कोण राखतंय आणि कोण मोडतंय याचे ठोकळे त्या दिवशी उलटेपालटे झाले.

भारताचं वागणं कळायला अणुइंधनाचा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केलेली नाही, तो भेदभावाचा आहे म्हणून. तरी ६ सप्टेंबर २००८ रोजी अणुपुरवठादार गटाने भारतासाठी खास सवलत दिली, अमेरिकेने जोर लावल्यामुळे. त्या गटाचं सदस्यत्व मात्र २०१६ पासून चीन अडवून आहे, आणि त्याचं कारण? भारताने करारावर सही केलेली नाही, नियम सगळ्यांना सारखा हवा! नियमावर बोट ठेवणारा चीन आणि अपवाद मागणारा भारत, ही जोडी नेहमीच्या चित्रात बसत नाही.

आमचं मत विचाराल तर भारताला नियम नकोत असं कुठेच दिसत नाही. त्याला नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत पाट हवा आहे, आणि तो मिळेपर्यंत जिथे सोयीचं तिथे नियम, जिथे अडचण तिथे सार्वभौमत्व. मोठे देश हेच करत आले आहेत.

१७. २०२६ चं ब्रिक्स अध्यक्षपद भारताकडे आहे. त्यात काय अधिकार असतात?

बैठका कुठे, विषयपत्रिका काय आणि मसुद्याची पहिली प्रत कुणाची, एवढेच. मतदान नसतं, सगळं सहमतीने चालतं. २०१६ ची शिखर परिषद भारताने बाणावलीलाच घेतली होती, उरी हल्ल्यानंतर महिन्याभरात. जाहीरनाम्यात जैश-ए-मोहम्मद आणि लष्कर-ए-तोयबा या दहशतवादी संघटनांची नावं यावीत यासाठी भारताने प्रयत्न केले. चीनच्या उपस्थितीत ते जमलं नाही. पुढच्याच वर्षी शियामेनला, यजमान चीन असताना, ती नावं जाहीरनाम्यात आली.